जुन्या फ्रेंच कागदांचं दुकान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर फ्रान्सला आले, आता लुआर नदीकाठी तूर या शहरात राहते आणि जुने फ्रेंच कागद विकते. बहुतेक ऑनलाइन, शिवाय महिन्यातून एक-दोनदा बाजारात टेबल मांडून. गिऱ्हाइकं, सांगलीकडची मंडळी आणि इथे शिकायला आलेली मराठी मुलं साधारण हेच प्रश्न विचारतात. एकदाच नीट लिहून ठेवते.

म्हणजे नक्की काय विकता?

फ्रेंचमध्ये या मालाला 'व्ह्यो पापिये' म्हणतात, म्हणजे सरळ 'जुने कागद'. एखाद्या दिवसाच्या, फार तर एखाद्या वर्षाच्या कामापुरता छापलेला किंवा लिहिलेला, आणि काम झालं की फेकून द्यायचा कागद. पोस्टकार्डं, हॉटेलातली मेनूकार्डं, आगगाडीची तिकिटं, कामाँबेर चीजच्या लाकडी डबीवरची गोल लेबलं, शाळेच्या वह्या, गुरुजींनी शाबासकी म्हणून दिलेली 'बाँ प्वँ' नावाची छोटी चित्रं, कुणी वारल्याचं कळवणारी काळ्या काठाची पत्रं, रेशनची कुपनं. दुकानांची बिलं मला स्वतःला फार आवडतात. १९००च्या आसपासचं एखादं बिल हातात घेऊन बघा: वर कारखान्याचं बारीक कोरलेलं चित्र, धुराडी, प्रदर्शनांत मिळालेली पदकं, आणि खाली तीन ओळींत बारा बाटल्यांचा हिशेब.

पुस्तकं मी ठेवत नाही. पोस्टाची तिकिटंही नाहीत; त्यांचे व्यापारी वेगळे, त्यांचं ज्ञानही वेगळं.

मग ही रद्दीच की!

मावशी फोनवर दर वेळी हेच म्हणते. तिला मी एक कुपनांचा कागद दाखवला होता. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये १९४० साली रेशन आलं आणि ते पूर्णपणे उठायला १९४९ उजाडलं. माणसाच्या वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे गट ठरलेले: तीन वर्षांखालची मुलं एका गटात, १३ ते २१ वयाची दुसऱ्या, अंगमेहनतीची कामं करणारे तिसऱ्या, सत्तरीपुढचे आणखी वेगळ्या. मावशीला दाखवलेल्या कागदावरची पावाची कुपनं कात्रीने एकेक करून कापलेली होती आणि खालची दोन तशीच राहिली होती. मावशी बराच वेळ ती दोन कुपनंच बघत होती. १९७२च्या दुष्काळात तिने रेशनच्या रांगेत दिवस काढले आहेत.

हा नाद कसा लागला?

एका टीपकागदामुळे, म्हणजे ओली शाई टिपून घ्यायच्या कागदामुळे. इथे आले त्याच वर्षी शेजारच्या गावात 'व्हीद-ग्रेनिये' होता. शब्दाचा अर्थ माळा रिकामा करणं. गावातली माणसं एका रविवारी माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडतात आणि विकतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाहिरातीचा एक टीपकागद सापडला. पुढे चॉकलेटचं रंगीत चित्र, मागे जांभळ्या शाईचे उलटे ठसे. घरी येऊन आरशासमोर धरला तर अक्षरं सुलट झाली. एका कोपऱ्यात बेरीज, हातच्यासकट. मधोमध 'जुनी विहीर' हे दोन शब्द, दोनदा. कुणीतरी पोराने शुद्धलेखन लिहिताना ते चुकवले असणार आणि पुन्हा लिहिले असणार. सांगलीच्या शाळेत माझ्या दप्तरातही टीपकागदाचा तुकडा असायचा. मी आरशासमोरून बराच वेळ हललेच नाही.

इथल्या शाळांत टाक जांभळ्या शाईत बुडवून लिहायची पद्धत होती. १९६५ साली शाळांत बॉलपेनला परवानगी मिळाली आणि टीपकागदाचं कामच संपत गेलं. म्हणून जाहिरातीचे टीपकागद बहुतेक त्याआधीच्या काही दशकांतले मिळतात. मी अजूनही प्रत्येक टीपकागद आधी आरशात बघते, मगच किंमत लिहिते.

तुमचा आठवडा कसा जातो?

मार्च ते ऑक्टोबर रविवार म्हणजे खरेदीचा दिवस. पहाटे साडेचारला उठते. थर्मासमध्ये आल्याचा चहा, कपाळाला बांधायचा दिवा, सुटे पैसे, भिंग, आणि कागद दुमडू नयेत म्हणून दोन जाड पुठ्ठे. सहाच्या अंधारात लोक गाडीतून खोकी उतरवत असतात. ही खोकी जवळजवळ नेहमी केळ्यांची; भक्कम असतात, बाजूला हात घालायला भोक असतं आणि फळवाल्याकडे फुकट मिळतात. नऊ वाजेपर्यंत चांगला माल गेलेला असतो.

सोमवारी काहीही विकायचं नाही, फक्त निवडायचं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरते आणि मऊ ब्रशने धूळ झटकते. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी ठेवते: कुठलं गाव, कोणता दिवस, कशात ठेवलेलं होतं, विकणाऱ्याने काय सांगितलं. ही चिठ्ठी शेवटपर्यंत त्या कागदाबरोबर जाते, तुमच्या पाकिटातसुद्धा. मंगळवार-बुधवार स्कॅनिंग आणि वर्णनं लिहिण्यात जातात, गुरुवार पोस्टात. शुक्रवारी हिशेब आणि नोंदवही. जुना माल घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला इथे 'पोलीस वही' ठेवावी लागते: काय घेतलं, कुणाकडून, कितीला, पैसे कसे दिले. चोरीचा माल फिरू नये म्हणून हा कायदा आहे, आणि तो मला मनापासून पटतो.

माल कुठून आणता? एवढं फिरावं लागतंच का?

लागतं, आणि तेच मला या धंद्यात सगळ्यात प्रिय आहे. छापील कागद फार लांब जात नाही. जिथे वापरला तिथल्याच माळ्यावर चढतो आणि साठ-सत्तर वर्षांनी तिथूनच खाली उतरतो. त्यामुळे गाव बदललं की कागद बदलतो. नॉर्मंडीत चीजची लेबलं. आमच्यापासून जवळच्या ब्लुआ गावात पूलँ चॉकलेटची पेढी १८४८ साली सुरू झाली, म्हणून त्या बाजूला चॉकलेटच्या वडीबरोबर मिळणारी रंगीत चित्रं गठ्ठ्यांनी निघतात. एपिनालमध्ये पेलरँ यांचा छापखाना १७९६चा; लोरेनमध्ये फिरलं की तिथली भडक रंगांची चित्रकथेची पानं हमखास दिसतात. ब्रिटनीतल्या रेन शहरात ओबेरत्यूर हा छापखाना होता. तो पोस्टमनची कॅलेंडरं छापायचा. वर्षअखेरीला पोस्टमन दारोदार कॅलेंडर घेऊन जातो आणि लोक त्याच्या हातावर खुशीने पैसे ठेवतात. ही रीत आजही आहे. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर 'कालनिर्णय' लटकतं तसं ते तिथे लटकायचं, आणि मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिलेला असायचा.

मोठे बाजार दोन-तीनच सांगते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लील शहरात ब्रादरी भरते. शहरभर फुटपाथवर विक्रेते, आणि खानावळींच्या दारात खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग. आमियँमध्ये वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, 'रेदरी' असते. हा तिकडच्या पिकार बोलीतला शब्द. मला लीलपेक्षा आमियँ जास्त मानवतं. तिथे अजूनही घरगुती माल जास्त येतो. दक्षिणेत लील-स्यूर-ला-सोर्ग गावात दर रविवारी कालव्याच्या कडेने बाजार भरतो. जागा अतिशय सुंदर, भावही तसेच, म्हणून तिथे मी विकायला कमी आणि बघायला जास्त जाते.

एक गाव मात्र मराठी वाचकांना मुद्दाम सांगायचं आहे: ब्रिटनीतलं बेशरेल. १९८९ पासून ते फ्रान्सचं पहिलं 'पुस्तकांचं गाव' आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे बाजार असतो. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हा मी इथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला फोटो दाखवले होते. स्ट्रॉबेरीच्या शेतांमधली ती घरं बघून त्याने पत्ता लिहून घेतला.

भाव कसा करतात? घासाघीस चालते का?

चालते, पण आधी 'बोंजूर'. ते न म्हणता खोक्यात हात घातलात तर भाव सोडा, वस्तूच मिळणार नाही. मग नीट बघा, आवडलेले कागद एकत्र काढा आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा. मालाला नावं ठेवून किंमत पाडायची सवय असेल तर ती घरी ठेवून या; समोरचा माणूस अनेकदा स्वतःच्या आजीचं सामान विकत असतो. पहाटेची भवानी इथेही महत्त्वाची मानतात. पहिलं गिऱ्हाईक झालात तर थोडं सुटतं.

पोस्टकार्ड किती जुनं आहे हे कसं ओळखता?

शिक्का वाचता आला तर प्रश्नच नाही. नाही आला तर आधी पाठ बघते. फ्रान्समध्ये १९०३च्या अखेरीपर्यंत मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी होती. मजकूर लिहायचा तर चित्राच्या बाजूला, म्हणून त्या काळच्या कार्डांवर आकाशात, नदीत, चर्चच्या कडेने बारीक अक्षरं वळत गेलेली दिसतात. पाठीवर मधोमध रेघ आणि डावीकडे मजकूर दिसला की कार्ड १९०४च्या पुढचं.

मग मजकूर. काही कार्डांवर 'तब्येत बरी, सर्वांना गोड पापे' एवढंच असतं. कंजुषी वाटते, पण कारण वेगळं: मजकूर पाच शब्दांपर्यंत असेल तर टपालखर्च कमी यायचा. शब्द मोजून लिहिलेली ती कार्डं मी वेगळी ठेवते. आपल्याकडे तारेत शब्द मोजायचे, त्याची आठवण होते.

प्रकाशकाच्या खुणाही मदत करतात. 'एल एल' म्हणजे लेव्ही, 'एन डी' म्हणजे नर्दँ. दोन्ही मोठ्या पेढ्या, आणि फ्रान्समधली पुष्कळ गावं त्यांच्या कॅमेऱ्यात आली. आकार बघा: जुनं कार्ड साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर, साठच्या दशकापासून मोठं. कडा कातरलेल्या, चमकदार फोटोचं कार्ड असेल तर बहुतेक पन्नासचं दशक.

जुन्या पत्रांवर कधी 'वर्ष आठवं' अशी तारीख येते. ती क्रांतीनंतरच्या दिनदर्शिकेची. २२ सप्टेंबर १७९२ हा तिचा पहिला दिवस आणि १ जानेवारी १८०६ पासून ती बंद झाली. महिन्यांची नावं धुकं, हिमवर्षाव, अंकुर, सुगी यांवरून ठेवलेली. ज्याने कुणी ती ठेवली त्याचं शेताकडे नीट लक्ष होतं.

नकली माल येतो का?

येतो, विशेषतः रंगीत जाहिरातींत. भिंग लावा. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके विस्कळीत असतात, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरलेला असतो आणि कडेला एखादा रंग किंचित सरकलेला दिसतो. आजच्या ऑफसेटमध्ये ठिपके एकसारख्या फुलांच्या जाळीत बसतात. कुणाच्या घरी राजा रविवर्मा प्रेसचं मूळ चित्र असेल तर त्यावर आधी डोळा तयार करा. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्र हेच. दुसरी खूण जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चची: साधारण १९५० नंतरचा कागद पांढऱ्या करणाऱ्या रसायनामुळे निळसर चमकतो, आधीचा मंद राहतो.

किंमत कशी ठरते?

गावाचं साधं दृश्य एक-दोन यूरोला. त्याच गावातल्या दुकानाच्या दारात मालक, बायको, नोकर आणि कुत्रा उभे असतील तर वीस, कधी चाळीसही. वय फारसं मोजलं जात नाही. १७८०चा जमिनीच्या वादाचा कागद माझ्याकडे आठ यूरोला पडून आहे.

कोलाजसाठी मिश्र पाकीट मिळेल का? गठ्ठा फोडून द्याल का?

मिश्र पाकीट मिळेल. त्यात फक्त तेच कागद असतात जे मला सुटेच मिळाले: फाटलेली लेबलं, कोरी बिलं, वहीची सुटी पानं. ते कापा, चिकटवा, रंगवा. मला आनंदच आहे.

एकत्र आलेला गठ्ठा मात्र मी फोडत नाही. हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, म्हणून कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाजारात मी पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाने घरी पाठवलेली पत्रं घेतली. आघाडीवरून टपाल फुकट जायचं, त्यामुळे सैनिक जवळजवळ रोज लिहायचे. गावाचं नाव लिहायची मनाई होती, त्याऐवजी टपाल विभागाचा नंबर. घरी येऊन तारखेने लावली तर ऑगस्ट १९१६च्या मध्यावर पत्रं थांबली. शेवटच्या पत्रात तो बायकोला विचारतो की मधमाश्यांच्या पेट्या सावलीत हलवल्या का. मला वाटलं, गेला. पुढच्या रविवारी त्या विक्रेत्याला गाठलं तर कळलं, गठ्ठा जाड होता, म्हणून त्याने दोन भाग करून विकले. दुसरा भाग घेणारा रोखीने देऊन गेला होता. म्हणजे तो जगला होता, निदान आणखी एवढ्याच जाडीच्या पत्रांइतका. पेट्या हलवल्या की नाही याचं उत्तर कुठेतरी कुणाच्या तरी खोक्यात आहे. त्या दिवसापासून मी एकही गठ्ठा सोडवलेला नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेत ते उगाच नाही. कागदाशेजारचा कागद हा त्याचा निम्मा अर्थ असतो.

लोकांची खासगी पत्रं विकणं बरं दिसतं का?

मलाही हा प्रश्न पडतो. माझा नियम असा: ज्यांचे नातेवाईक ओळखू शकतील अशी अलीकडची, १९५० नंतरची खासगी पत्रं मी विकत नाही. कुटुंबाचा पत्ता लागला तर आधी त्यांना विचारते. दोनदा गठ्ठे परत दिलेत. सरकारी दप्तरातून बाहेर पडलेला कागद तर विकताच येत नाही. फ्रेंच कायद्याने तो कितीही वर्षांनी सरकारचाच राहतो. नोटरीकडचा मूळ दस्त त्यातच येतो, पक्षकाराला दिलेली नक्कल मात्र विकता येते.

जुनं हस्ताक्षर वाचता येतं?

एकोणिसाव्या शतकातलं येतं, शाळेत कित्ता गिरवून घेतल्यासारखं सुबक असतं. सतराव्या शतकातलं अडखळत. आजोबांनी मला लहानपणी थोडी मोडी शिकवली होती, तिचा इथे उपयोग झाला: अक्षर सुटं न बघता हाताची गती बघायची, ही सवय तेव्हाच लागली.

भारताबद्दल काही सापडतं?

सापडतं. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४च्या अखेरीपासून, ब्रिटिश हिंदी फौजेच्या लाहोर आणि मग मीरत डिव्हिजनचे सैनिक मार्सेय बंदरात उतरले आणि त्यांचे तळ पडले. गावकरी बघायला लोटले, फोटोग्राफरही आले. त्यांची कार्डं आजही मिळतात. फ्रेंच मथळ्यात शीख, पठाण, गुरखा सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटलेलं. माझ्याकडच्या एका कार्डावर पगडीवाला जवान कणीक मळतोय आणि कुंपणापलीकडे चार पोरं उभी आहेत. पाठीवर एक बाई बहिणीला लिहिते, 'यांची पोळी मी चाखली.' हे कार्ड विक्रीला नाही. मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे आपल्याकडची नावं शोधणाऱ्यांनी इथल्या कार्डांवर फार भिस्त ठेवू नये. पण उत्तर फ्रान्समध्ये आलात तर नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक बघाच. ४,७०० हून जास्त नावं दगडात कोरलेली आहेत.

आमच्या वाड्यात जुने मराठी कागद आहेत. घ्याल का?

नाही, आणि कृपया दुसऱ्या कुणालाही बाहेर पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि ऐतिहासिक, साहित्यिक वा शास्त्रीय मोलाची ७५ वर्षांवरची हस्तलिखितं व कागदपत्रं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. ते मंडळ १९१०चं, आणि ज्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते उभं केलं त्यांनी वाड्यावाड्यांतून असलेच कागद गोळा करण्यात आयुष्य घातलं.

कागद कसे जपायचे?

चिकटपट्टी लावू नका, कधीच. लॅमिनेशनही नाही. साध्या पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिप्रॉपिलिनचं घ्या. उन्हात लावू नका. सांगली-कोल्हापूरच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी या दोघींपासून सांभाळा; लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवण्यापेक्षा वरच्या कप्प्यात, हवा खेळेल असं ठेवा. गंमत म्हणजे १८००चं पत्र पांढरंशुभ्र राहतं आणि १९४०चं वर्तमानपत्र हातात मोडतं. जुना कागद चिंध्यांचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा. तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो.

भारतात पाठवता?

हो, रजिस्टर्ड टपालाने, दोन पुठ्ठ्यांत, आत पाणी न शिरणारं पाकीट घालून. हे आतलं पाकीट मी सुरुवातीला घालत नसे. जुलैत सोलापूरला गेलेली एकोणीस मेनूकार्डं एकमेकांना चिकटून पोचली. पैसे परत केले, कार्डं परत आणता आली नाहीत. साधारण दोन ते चार आठवडे धरा.

पॅरिसमध्ये एकच सकाळ आहे. कुठे जाऊ?

शनिवार किंवा रविवार असेल तर पोर्त द व्हाँवचा बाजार. दुपारी आवरतात, म्हणून आठपर्यंत पोचा. तिथून चालत जॉर्ज ब्रासँस बागेतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जा, तोही शनिवार-रविवारीच. आठवड्याच्या मधला दिवस असेल तर पासाज दे पानोरामा या छपराच्या गल्लीत पोस्टकार्डांची दुकानं आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलेल्या माणसाला कुठेच परकं वाटणार नाही.

पोट भरतं का यावर?

पहिली तीन वर्षं नाही. आता भरतं, साधेपणाने. प्रवासखर्च निघतो, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

तुम्ही स्वतः काय शोधता?

ती दुसरी निम्मी पत्रं. करडा-निळसर कागद, चौपदरी घडी, ओल लागली की जांभळी होणारी पेन्सिल, ऑगस्ट १९१६च्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पुढची. लिहिणारा 'प्रिय' हा शब्द दर वेळी खाली दुहेरी रेघ मारून लिहितो. मधमाश्यांचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक पत्रात. फ्रान्समध्ये कुठेही, कुठल्याही खोक्यात दिसली तर फोटो पाठवा. किंमत विचारू नका, तेवढी उचलून ठेवायला सांगा. मी पहिल्या गाडीने निघते.